तीन बॅटऱ्या आणि एक खटका : जुन्या बुलेटच्या चार्जिंगचा इतिहास कसा वाचायचा?

पेट झाली, मुलाखत झाली, विषयही जवळपास ठरला. आता आराखडा लिहायला बसलात आणि "प्राथमिक साधने" या मथळ्याखाली काय लिहायचं तेच कळत नाही. ओळखीचं वाटतंय ना? माझंही असंच झालं होतं. म्हणून आज साधनांबद्दल बोलू. पण संशोधनपद्धतीच्या पुस्तकातून नाही, एका जुन्या मोटारसायकलच्या सीटखालून.

माझा विषय थोडक्यात सांगते. स्वातंत्र्यानंतरच्या काळात आपल्याकडे दुचाकींची देखभाल कोण करत होतं, कशी करत होतं आणि ते ज्ञान कुठून कुठे गेलं, हे मी शोधते आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटलं की आपल्याला शोध आठवतात : अमुक साली अमुक माणसाने अमुक यंत्र बनवलं. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने २००६ साली आलेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या पुस्तकात या सवयीवर बोट ठेवलं. त्याचं म्हणणं असं की शोध लागतो तेव्हाचा इतिहास आपण खूप लिहितो, पण वस्तू प्रत्यक्ष वापरली जाते, बिघडते, दुरुस्त होते, त्याचा इतिहास फारसा लिहीत नाही. भारतापुरतं पाहायचं तर डेव्हिड अर्नोल्ड यांचं 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) वाचा. सायकल, शिलाई मशीन, टाइपरायटर, भाताची गिरणी अशा रोजच्या यंत्रांमधून आधुनिक भारत कसा घडला, ते त्यात आहे.

हे सगळं वाचून मी मोठ्या उत्साहाने पहिला मसुदा लिहिला. त्यात एक वाक्य होतं : "जुन्या काळी स्वार स्वतः बॅटरीची नियमित निगा राखत, बंद बॅटरी आल्यावर हे ज्ञान संपले." पुरावा म्हणून जुन्या माहितीपुस्तिका दिल्या होत्या. मार्गदर्शक बाईंनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं : "राखत होते, हे कुठे दिसलं?"

मला राग आला. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की पाण्याची पातळी पाहा, टर्मिनल साफ करा. अजून काय पाहिजे? उत्तर मिळालं ते ग्रंथालयात नाही, कराडला मामांच्या अंगणात.

तीन बॅटऱ्या

मामांची बुलेट १९७८ची. फिरतीच्या नोकरीत त्यांनी ती पंचवीस-तीस वर्षं वापरली. मधली काही वर्षं ती उभीच होती. मग मामेभावाने हौसेने टाकी-फ्रेमला नवा रंग देऊन घेतला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आली. त्यानंतर दुखणं सुरू झालं : नवी बॅटरी टाकली की चार-सहा महिन्यांत उतरायची. हॉर्न घोगरा, लाइट पिवळट, सकाळी किक मारून पाय दुखायचा. तीन बॅटऱ्या झाल्या. दर वेळी निदान एकच, "बॅटरी खराब निघाली."

आता थांबून विचार करा. बॅटरी बसली, म्हणजे बॅटरीच खराब होती असं होतं का? जिथे लक्षण दिसतं तिथेच कारण असतं असं धरून चालणं ही मेकॅनिकची जशी चूक, तशीच संशोधकाचीही. कारण शोधायचं तर आधी ती यंत्रणा काय आहे आणि ती अशी का बनली, हे माहीत हवं. म्हणजे थोडा इतिहास आलाच.

आधी ठिणगी, मग दिवा

सुरुवातीच्या मोटारसायकलला विजेची गरज एकाच कामासाठी होती, सिलिंडरमध्ये ठिणगी पाडायला. ते काम मॅग्नेटो करायचा. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्वच त्यात आहे : चुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांच्या सापेक्ष हललं की तारेत वीज तयार होते. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १८९७ मध्ये एका तीनचाकी गाडीच्या इंजिनाला मॅग्नेटो बसवला आणि १९०२ मध्ये त्यांचेच सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. इंजिन फिरलं की ठिणगी.

मग रात्री दिसायचं कसं? कार्बाइडच्या दिव्याने. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो, तो पेटवायचा. म्हणजे त्या काळच्या स्वाराची देखभाल म्हणजे खडे भरणे, राख काढणे आणि पाण्याचा थेंब जुळवणे.

विजेचा दिवा हवा झाला तेव्हा वीज साठवायची गरज पडली, कारण इंजिन हळू चाललं तरी दिवा विझता कामा नये. शिसे-आम्ल बॅटरी तर तयारच होती. गॅस्टन प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ मध्ये बनवली आणि १८८१ मध्ये कामिय फोर यांनी शिशाच्या संयुगाचा लेप दिलेल्या पट्ट्या वापरून तिची क्षमता वाढवली. तुमच्या गाडीतली साधी बॅटरी मूळ तत्त्वाने आजही तीच आहे.

बॅटरी भरायला डायनॅमो आला. ब्रिटिश गाड्यांवर मॅग्नेटो आणि डायनॅमो एकत्र बांधलेला 'मॅगडायनो' दोन महायुद्धांच्या मधल्या काळात खूप दिसतो. डायनॅमोतून थेट डीसी वीज निघते, पण दोन कटकटी असतात. पहिली, इंजिन मंद झालं की उलट बॅटरीच डायनॅमोला वीज द्यायला लागते. ते तोडायला 'कटआउट' लागतो. दुसरी, इंजिन जोरात पळालं की वीज जास्त होते. ती आवरायला रेग्युलेटर. शिवाय कार्बन ब्रश घासतात, कम्युटेटर काळा पडतो. जुने मिस्त्री अजूनही कुठल्याही चार्जिंग यंत्रणेला सरसकट "डायनॅमो" म्हणतात. मुलाखती घेताना हे लक्षात ठेवा, नाहीतर माझ्यासारखं अर्धं पान चुकीचं लिहाल.

अल्टरनेटर : कमी घासणारा, पण आवरायला अवघड

१९५३ मध्ये ट्रायम्फच्या स्पीड ट्विन गाडीला लुकासचा अल्टरनेटर बसला. यात चुंबक थेट क्रँकच्या टोकावर फिरतो आणि वेटोळी त्याच्याभोवती स्थिर असतात. ब्रश नाही, कम्युटेटर नाही, म्हणजे झिजायला फारसं काही नाही. पण निघते ती एसी. बॅटरीला डीसी लागते, म्हणून रेक्टिफायर आला. आधी सेलेनियमच्या चकत्यांचा, पुढे सिलिकॉनचा.

खरी अडचण वेगळीच होती. डायनॅमोत वेटोळ्याची वीज कमी-जास्त करून उत्पादन आवरता येतं. इथे चुंबक कायमचा. त्याला "आता कमी दे" असं सांगता येत नाही. मग ब्रिटिश अभियंत्यांनी एक साधा तोडगा काढला. लाइट बंद असताना थोडीच वेटोळी जोडायची, हेडलाइट लावला की दिव्याच्या बटणातूनच सगळी वेटोळी जोडली जायची. म्हणजे रेग्युलेटर असा नव्हताच, दिव्याचं बटण हाच रेग्युलेटर. १९६०च्या दशकात १२ व्होल्ट आले तेव्हा झेनर डायोड लावून जास्तीची वीज उष्णतेत घालवायला सुरुवात झाली. पुढे रेग्युलेटर आणि रेक्टिफायर एकाच डबीत बसले. गॅरेजमध्ये त्याला आज "आर आर युनिट" किंवा नुसतं "रेक्टिफायर" म्हणतात.

आपली बुलेट याच घराण्यातली. 'बुलेट' हे नाव इंग्लंडमध्ये १९३२ पासूनचं. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडची रॉयल एनफिल्ड यांनी मिळून मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया सुरू केली. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० पर्यंत संपली, पण बुलेट मद्रासमध्ये बनत राहिली. त्यामुळे १९५०च्या दशकातली ब्रिटिश विचारपद्धती आपल्या रस्त्यांवर पुढची कित्येक दशकं धावत होती. हेडलाइटच्या खोळीवर छोटा अ‍ॅमीटर, डाव्या बाजूला प्रायमरी चेनच्या कव्हरमध्ये तेलाच्या संगतीत फिरणारा अल्टरनेटर, आणि बॅटरी-कॉइल-पॉइंटवर चालणारी ठिणगी. म्हणजे मॅग्नेटोच्या उलट परिस्थिती : बॅटरी पार बसली की ठिणगीच दुबळी. कार्बाइडच्या काळात दिवा विझला असता, इथे गाडीच सुरू होईना.

सहाचे बारा का झाले?

जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या, नंतरच्या १२च्या, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण का? हिशेब करून पाहा. ३६ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर ६ अँपिअर ओढतो, १२ व्होल्टवर फक्त ३. आता वाटेत एखादा गंजका जोड आहे, ज्याचा रोध ०.१ ओहम आहे, असं धरा. सहाच्या गाडीत त्या जोडावर ०.६ व्होल्ट वाया जातो, म्हणजे दर दहातला एक हिस्सा. बाराच्या गाडीत ०.३ व्होल्ट, म्हणजे चाळीसातला एक. बल्बचा प्रकाश तर व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. सहाच्या गाड्यांच्या लाइटला लोक मेणबत्ती म्हणायचे ते उगाच नाही. गाडीत दोष नसतानाही नुसत्या मळलेल्या जोडामुळे अंधार पडायचा.

ही गोष्ट देखभालीच्या इतिहासात महत्त्वाची आहे. ६ व्होल्टच्या गाडीला माणसाचं लक्ष जास्त लागत होतं. पुढे १२ व्होल्ट, डबीबंद रेग्युलेटर आणि पाणी न लागणारी बंद बॅटरी आली, अ‍ॅमीटर गेला. पुढे सेल्फ स्टार्ट सर्रास झाला आणि १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागणं सक्तीचं झालं. म्हणजे विजेचा भार वाढत गेला आणि स्वाराने त्याकडे पाहण्याची जागा कमी होत गेली. माझ्या मसुद्यातलं वाक्य इथूनच आलं होतं. दिशा बरोबर होती. पण "कोण काय करत होतं" याचा पुरावा नव्हता.

तपासणी : क्रमाने, आणि एका वेळी एकच बदल

चौथी बॅटरी आणण्याआधी मी मामेभावाला थांबवलं आणि आम्ही मल्टिमीटर घेऊन बसलो. मधल्या काळात कुणीतरी गाडी १२ व्होल्टची करून घेतली होती. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर हाच क्रम तुम्हालाही चालेल.

आधी बॅटरी एकटी. गाडीतून काढून, बाहेर पूर्ण चार्ज करून, काही तास नुसती ठेवली. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.०च्या आसपास असेल तर ती बरीच रिकामी. (६ व्होल्टवाल्यांनी निम्मं करा.) झाकणाची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक कप्पा पाहा. भरलेल्या बॅटरीचं विशिष्ट गुरुत्व १.२६ ते १.२८ असतं. एकच कप्पा मागे असेल तर ती बॅटरी गेली. चार्जिंगला लावताना क्षमतेच्या दहाव्या भागाइतकाच करंट ठेवा. ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून हवेशीर जागा हवी आणि जवळ विडी-काडी नको. पाणी घालायचं ते फक्त डिस्टिल्ड. अ‍ॅसिड उडून जात नाही, पाणी जातं, त्यामुळे वरून अ‍ॅसिड घालू नका.

आमची बॅटरी १२.६. म्हणजे ठीक.

मग गाडी सुरू करून मध्यम रेसवर बॅटरीच्या टर्मिनलवर मोजलं. निरोगी यंत्रणेत साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. आम्हाला दिसले १२.७. म्हणजे बॅटरी भरतच नव्हती. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच राहिली की पट्ट्यांवरच्या लेड सल्फेटचे स्फटिक कडक होतात, ते पुन्हा विरघळत नाहीत. तीन बॅटऱ्या अशा गेल्या. त्या खराब निघाल्या नव्हत्या, उपाशी मेल्या होत्या.

पुढे अल्टरनेटर. तारा सोडवून एसी मोजली तर रेसबरोबर छान वाढत होती. वेटोळ्याचा बॉडीशी संबंध आहे का पाहिलं तर नव्हता, तो नसायलाच हवा. मग आर आर युनिटवरच मोजलं : १४.२! युनिट बरोबर वीज देत होतं, पण बॅटरीपर्यंत दीड व्होल्ट कमी पोहोचत होती. वाटेत कुठे हरवते? मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावली, गाडी सुरू. इथे ०.१-०.२च्या आत यायला हवं. आले १.३.

अर्थिंगचा बोल्ट खोलला. खाली फ्रेमवर नवा कोरा, चकचकीत रंग. हौसेने मारलेल्या रंगावरच अर्थची तार कसली होती. पॉलिश पेपरने जागा धातूपर्यंत घासली, बोल्ट कसला, वरून व्हॅसलीन लावलं. बॅटरीवर १३.९. खर्च, पॉलिश पेपरचा एक तुकडा.

इथे एक इशारा : त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत निगेटिव्ह नव्हे, पॉझिटिव्ह अर्थ असायचा. जुनी गाडी हातात आली की आधी कुठली तार बॉडीला आहे ते पाहा आणि बॅटरी काढताना अर्थची तार आधी सोडवा. आणि बाद झालेली बॅटरी भंगारात फेकू नका, दुकानदाराला परत द्या. शिसं विषारी आहे, आणि त्यासाठी २००१ पासून नियम आहेत, २०२२ मध्ये ते नव्याने आले.

सीटखालचा खटका

गाडी बरी झाली. मामेभाऊ म्हणाला, "आता सगळं जुनं वायरिंग काढून नवं टाकू, झंझट नको." सीटखाली खरंच गुंता होता. तीन रंगांच्या तारा, घरगुती वायरिंगचा एक तुकडा, फ्यूजच्या जागी तांब्याची तार. आणि पट्टीला दोन भोकं पाडून बसवलेला एक छोटा खटका. त्याच्या तारा कापलेल्या, कशालाच न जोडलेल्या. भाऊ तो उपटून टाकणार, एवढ्यात खुर्चीवर बसलेले मामा म्हणाले, "अरे, तो राहू दे. तो माझा पावसाळ्याचा खटका आहे."

मी वही उघडली.

"अगं, पावसाळ्यात गावातल्या गावात फिरणं. हॉर्न सारखा, ब्रेक सारखा, गाडी दहादा बंद दहादा चालू. दिवसा लाइट नाही म्हणजे चार्जिंग पण अर्धंच. मग खटका खाली करायचा, की पूर्ण चार्जिंग. उन्हाळ्यात लांबचा पल्ला असला की वर. नाहीतर पाणी उकळायचं बॅटरीतलं. किती वेळा घालशील?"

"कधी वर, कधी खाली, कसं ठरवायचात मामा?"

"काटा बघून. उजवीकडे टेकूनच राहिला की पुरे झालं."

पाहिलंत? दिव्याच्या बटणाला जोडलेली वेटोळी या माणसाने आणि त्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने सोडवून स्वतंत्र खटक्यावर घेतली होती. डबीबंद रेग्युलेटर जे काम करतो, ते मामा अ‍ॅमीटरचा काटा, ऋतू आणि रस्ता पाहून करत होते. हे मला कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडलं नव्हतं आणि सापडणारही नव्हतं, कारण पुस्तिका कंपनीने लिहिलेली असते. कंपनीला स्वाराने काय करावं असं वाटत होतं, ते ती सांगते. स्वाराने काय केलं, ते नाही. माझ्या मार्गदर्शक बाईंच्या पेन्सिलीचा अर्थ मला त्या अंगणात कळला.

पण मामांवर तरी विश्वास का ठेवायचा?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर शाबास. मामा म्हणाले, खटका गाडी घेतल्याबरोबर लावला. मी विचारलं, काही लिहून ठेवलंय का? मामी आतून खर्चाच्या वह्या घेऊन आल्या. १९७८ पासूनच्या.

त्या वह्यांमध्ये सुरुवातीच्या वर्षांत आषाढ-श्रावणाच्या सुमाराला "बॅटरी चार्जिंग" अशी नोंद पुन्हा पुन्हा येते, आणि एप्रिल-मेमध्ये "बॅटरी पाणी". मग १९८३च्या जूनमध्ये एका ओळीत "खटका व वायर, मजुरीसह". त्यानंतर पावसाळ्यातली चार्जिंगची नोंद विरळ होते. म्हणजे खटका होता, त्याचा उपयोगही झाला, पण तो पहिल्या दिवसापासून नव्हता. पाच पावसाळे गाडी चार्जिंगला नेऊन नेऊन कंटाळल्यावर आला. मामांची आठवण खोटी नव्हती, फक्त तिच्यातली पाच वर्षं गळून पडली होती. आणि माझ्यासाठी तीच पाच वर्षं मोलाची होती, कारण ज्ञान कसं तयार झालं ते त्यांतच दिसतं.

आता चारही साधनं शेजारी ठेवा. पुस्तिका : काय करावं. गाडी : काहीतरी केलं गेलं, पण कधी आणि का ते मुकं. माणूस : का ते सांगतो, पण तारखा चुकतात. खर्चाची वही : तारीख देते, पण कारण देत नाही. एकट्याने कुणीच पुरत नाही.

मर्यादाही लिहून ठेवा. एका मामांच्या एका गाडीवरून "त्या काळचे स्वार असे करत" असं मला म्हणता येत नाही. मसुद्यातलं ते वाक्य मी खोडलं. त्या जागी आता असं आहे : "किमान काही स्वारांनी चार्जिंगचे नियंत्रण स्वतःच्या हाती घेतल्याचे दिसते, हे किती सार्वत्रिक होते, याचा शोध पुढील प्रकरणात घेतला आहे." पूर्वीपेक्षा लहान दावा आहे. पण कुणी "हे कुठे दिसलं?" असं विचारलं तर मी बोट दाखवू शकते.

आणखी एक. वायरिंग बदलायला माझी हरकत नव्हती. गाडी रोज वापरायची तर फ्यूजच्या जागी तांब्याची तार ठेवून चालत नाही, शॉर्ट झालं तर आग लागेल. पण उपटण्याआधी आम्ही प्रत्येक तारेचा फोटो काढला, कुठून कुठे जाते त्याची आकृती काढली, रंग आणि जोडांची नोंद केली. रंग दिला तेव्हा कुणी अशी नोंद केली असती, तर अर्थिंगच्या बोल्टची जागा कोरडी ठेवायची असते हेही लक्षात आलं असतं आणि तीन बॅटऱ्या वाचल्या असत्या. दुरुस्ती करताना पुरावा पुसला जातो. जुनं घर असो, देऊळ असो की मोटारसायकल. त्यामुळे आधी नोंद, मग पाना.

तुमच्यासाठी एक काम

आराखडा लिहायच्या आधी एवढं करून पाहा. तुमच्या विषयातली एक वस्तू घ्या, जी कुणीतरी बराच काळ वापरली आहे. कागदावर चार रकाने आखा : तिच्याबद्दल छापील काय आहे, वस्तूवर काय खुणा आहेत, वापरणारा काय सांगतो, आणि त्याच काळातली कुठली साधी नोंद मिळते, म्हणजे पावती, वही, पत्र, फोटोची मागची बाजू. मग चारही रकान्यांमध्ये कुठे मेळ बसत नाही ते लाल पेनाने खूण करा. तुमचा संशोधनप्रश्न बहुतेक त्या लाल खुणेतच असतो.

आणि मोठ्यांशी बोलायचं असेल तर लवकर जा. मामांना यंदा शहात्तरावं लागलं. गाडीवर आता ते फक्त मागे बसतात. नव्या वायरिंगमध्ये खटक्याचं काही काम नाही, तरी तो त्याच दोन भोकांवर तसाच कसून ठेवला आहे. परवा पाऊस सुरू झाला तेव्हा त्यांनी सीट उचलून तो खाली केला. मी काही बोलले नाही. वहीत तारीख टाकली.